अठ्ठावीस घरं

विद्युतचुंबकीय लहरीचं एक चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. मधे आडवी रेघ, तिच्यावर वरखाली जाणारी लाल नागमोडी रेषा आणि तिला काटकोनात, पानातून बाहेर येतेय असं वाटणारी निळी. मी ते असंख्य वेळा काढलं, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले. आणि तरी कित्येक वर्षं माझ्या मनात प्रकाश म्हणजे झटका दिलेल्या दोरीसारखं काहीतरी, असंच होतं. त्या चित्रातली उंची ही जागेतली उंची नसतेच. रेघेवरच्या एकेका बिंदूपाशी विद्युतक्षेत्र किती जोराचं आहे आणि कुठल्या दिशेला आहे, एवढंच तो बाण सांगतो. बाजूला सरकत काहीच नाही. हे लक्षात आल्यावर मला ती लाट प्रत्यक्ष जागेत कशी पसरलेली असते ते पाहायची ओढ लागली. काचेत शिरताना ती कशी दिसते? फटीतून निघताना? आणि पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे काचेतला प्रकाश बाहेर न पडता सगळा आतच परततो, तेव्हा काचेच्या बाहेरच्या बाजूला नेमकं काय असतं?

तयार सॉफ्टवेअर मिळतात आणि त्यातली काही फार चांगली आहेत. पण आत काय चाललंय हे ठाऊक नसताना पडद्यावरच्या चित्रावर माझा विश्वास बसला नसता. म्हणून स्वतः लिहायला बसलो. पायथन, आकड्यांसाठी नमपाय, चित्रांसाठी मॅटप्लॉटलिब, एवढ्यावर.

पद्धत ठरवायला वेळ लागला नाही. केन यी यांनी १९६६ साली मांडलेली, पुढे १९८० मध्ये ॲलन टॅफ्लव्ह यांनी ‘एफडीटीडी’ (फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन) हे नाव दिलेली. तिची मूळ कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. मॅक्सवेलच्या दोन समीकरणांचं म्हणणं साध्या भाषेत असं, की विद्युतक्षेत्र शेजारच्या जागेत वेगळं असेल तर चुंबकीय क्षेत्र काळाबरोबर बदलतं, आणि चुंबकीय क्षेत्र शेजारी वेगळं असेल तर विद्युतक्षेत्र बदलतं. यींनी जागेची जाळी केली आणि ही दोन क्षेत्रं एकाच बिंदूवर न ठेवता अर्ध्या घराच्या अंतराने आलटूनपालटून मांडली. काळाचीही अशीच छोटी पावलं पाडली: विद्युतक्षेत्र पूर्ण पावलावर, चुंबकीय अर्ध्या पावलावर. मग प्रत्येक घराला आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची वजाबाकी नेमकी मधोमध मिळते. बेडूकउड्या मारत दोघं एकमेकांना पुढे ढकलत राहतात. संपूर्ण प्रोग्रामचा गाभा म्हणजे या वजाबाक्या. ‘लाट’ असा शब्द किंवा साइन-कोसाइन त्यात कुठेही नाही. लाट आपोआप निघते.

आधी एकमितीय. दोनशे घरांची एक ओळ, तिच्यात घंटेच्या आकाराचा एक स्पंद सोडला. पहिल्या आलेखात विद्युतक्षेत्र दिसत होतं आणि चुंबकीय क्षेत्राच्या जागी सपाट रेघ. चूक नव्हती. निर्वात जागेत या दोन आकड्यांचं गुणोत्तर सुमारे ३७७ ओहम असतं, त्यामुळे एकाच अक्षावर काढल्यावर चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसणार कसं? आकडे त्या पटीत समान करून घेतले आणि दोन्ही स्पंद हातात हात घालून निघाले. मग ओळीच्या उजव्या अर्ध्या भागात काच ठेवली, अपवर्तनांक १.५. हिशोबाप्रमाणे परत येणारा स्पंद मूळच्या ०.२ पट आणि उलटा हवा, आत जाणारा ०.८ पट. पडद्यावर उलटा छोटा स्पंद मागे वळताना पाहिला, त्याचं टोक मोजलं आणि आकडा ०.२ ला चिकटून आला. वर्ग केला की ०.०४, म्हणजे खिडकीच्या काचेचा एक पृष्ठभाग परत पाठवतो तो चार टक्के प्रकाश. चार टक्क्यांचा आकडा मला पाठ होता. तो घडताना मात्र मी पहिल्यांदा पाहत होतो.

या यशाच्या भरात द्विमितीय जाळीवर गेलो आणि तिथे खरी शाळा सुरू झाली.

एका पावलात प्रकाश किती घरं पुढे जातो, या संख्येला कुरांट संख्या म्हणतात. एकमितीय जाळीत ती १ ठेवता येते. मी थोडी सावधगिरी म्हणून द्विमितीय जाळीत ०.९ ठेवली. मध्यातून एक छान गोल कडं निघालं आणि काही पावलांतच त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटली: एक घर लाल (अधिक), शेजारचं निळं (उणे), पुन्हा लाल. पुढच्या चित्रात ती अख्ख्या पडद्यावर होती. पाचशेच्या आसपास पावलांनंतर आकडे संपले आणि सगळीकडे ‘संख्या नाही’ असा शेरा आला.

कारण पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं, द्विमितीत ही संख्या ०.७०७ च्या वर चालत नाही. पण मला ते पटलं कागदावर चार चौकोन काढल्यावर. जाळीत निरोप एका पावलात फक्त शेजारच्या घरापर्यंत पोचतो, आणि शेजार म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिरक्या कोपऱ्यातल्या घराला निरोप जायला दोन पावलं लागतात. ते घर मात्र १.४१४ घरं इतक्याच अंतरावर असतं. म्हणजे जाळी तिरक्या दिशेने पावलागणिक फार तर ०.७०७ घरं निरोप नेऊ शकते. खऱ्या प्रकाशाने त्यापेक्षा जास्त जावं असं मी सांगत होतो आणि जाळीला ते अशक्य होतं. त्रिमितीत कोपरा १.७३२ वर, पावलं तीन, म्हणून मर्यादा ०.५७७. कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी ही अट १९२८ मध्येच मांडली होती, इलेक्ट्रॉनिक संगणक यायच्या कितीतरी आधी. ०.९ वर ती पटाची नक्षी दर पावलाला चारपटीहून जास्त वाढते, हे मी नंतर हिशोब करून पाहिलं. दर पावलाला चौपट होणारी गोष्ट पाचशे पावलांत कुठे जाईल!

संख्या ०.५ वर आणली. तरंगलांबी २० घरांची घेतली, म्हणजे लहरीचं एक आवर्तन बरोबर ४० पावलांत. मध्यभागी सतत स्पंदन करणारा स्रोत ठेवला, ३८०० पावलं चालवली आणि व्हिडिओसाठी शंभर चित्रं जपून ठेवली. व्हिडिओ सुरू केला तर वर्तुळं बाहेर पसरायच्या ऐवजी आत, स्रोताकडे आकसत होती.

दोन संध्याकाळी मी वजाबाकीतली अधिक-उणे चिन्हं तपासण्यात घालवल्या. सगळी बरोबर होती. त्यात एक विसंगती होती जी मला आधीच खटकायला हवी होती: सर्वांत बाहेरची कड पुढेच जात होती, मागे सरकत होते ते फक्त आतले पट्टे. शेवटी व्हिडिओ बंद केला आणि दोन घरांतले आकडे काळाप्रमाणे काढले. एक घर स्रोतापासून १०० वर, दुसरं १०५ वर. पाच घरं म्हणजे पाव तरंगलांबी, म्हणजे लाट बाहेर जात असेल तर दुसऱ्या घराने दहा पावलं उशिरा हलायला हवं. ते दहा पावलं उशिराच हलत होतं. लाट बाहेरच चालली होती.

मग लक्षात आलं. ३८०० पावलांची शंभर चित्रं, म्हणजे दर ३८ पावलांनी एक. आवर्तन ४० पावलांचं. प्रत्येक चित्र पूर्ण आवर्तनाला दोन पावलं कमी असताना टिपलेलं, म्हणजे १८ अंश मागे. चित्रपटात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात त्याचं हेच कारण. बरोबर ४० पावलांनी टिपली असती तर पट्टे जागच्या जागी थिजलेले दिसले असते. तेव्हापासून मी एका आवर्तनात किमान आठ-दहा चित्रं घेतो. वेग आणि दिशा कधीही नुसत्या व्हिडिओवरून ठरवत नाही, दोन घरांचे आलेख काढून पाहतो.

जाळीच्या बारीकपणाबद्दल थोडं सांगतो. सुरुवातीला वेळ वाचवायला मी तरंगलांबीत १० घरं घेतली होती, तेव्हा दूर गेलेलं वर्तुळ पुरतं गोल राहत नव्हतं. जाळीच्या अक्षांवरून लाट खऱ्या वेगापेक्षा सुमारे १.३ टक्के हळू जात होती, तिरकी मात्र फक्त ०.४ टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण चाळीस तरंगलांबी चालल्यावर अक्षावरची लाट अर्धी तरंगलांबी मागे पडते, म्हणजे जिथे शिखर हवं तिथे दरी. व्यतिकरणाचं चित्र काढायचं असेल तर सगळंच उलटं. २० घरांना हीच चूक ०.३ टक्क्यांवर येते. काच असेल तर घरं काचेतल्या तरंगलांबीवर मोजायची, कारण तिथे ती दीडपटीने आखूड होते.

यानंतरची अडचण कडांची. जाळी कुठेतरी संपतेच आणि संपते तिथे आरशासारखी वागते. अवकाश पुढे चालूच आहे असं भासवणारी कड लिहावी लागते. मी आधी १९८१ ची मूर यांची सोपी कड घातली. तपासणीसाठी मध्यातून एकच स्पंद सोडला: तो निघून गेला की पडदा शांत व्हायला हवा. शांत कसला, स्पंद गेल्यावर पडदा गर्द लाल-निळ्या रंगांनी भरून गेला, जणू लाट आतच कोंडली होती.

कड अगदीच निकामी निघाली असं मी समजलो. आकडे पाहिले तर रंगांमागचे आकडे बारीकसे होते. प्रत्येक चित्राची रंगपट्टी त्या त्या चित्रातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बेतली जात होती, प्रोग्राम न सांगता तेच करतो. मोठा स्पंद निघून गेल्यावर उरलेली क्षीण सळसळ ताणून तितकीच गडद दाखवली जात होती. मग पट्टी पक्की केली, दोन्ही बाजूंना समान आणि शून्याला पांढरा. आता पडदा स्वच्छ पांढरा! पण हेही पुरतं खरं नव्हतं. फिकट रंगाखाली परावर्तन लपून बसलं होतं. मूर यांची साधी कड समोरून आलेली लाट छान गिळते, पण ४५ अंशांत आलेल्या लाटेच्या आयामाचा, म्हणजे क्षेत्राच्या कमाल जोराचा, सुमारे १७ टक्के भाग परत पाठवते आणि ६० अंशांत एक तृतीयांश. ते दिसण्यासाठी मी आकडे लॉगरिदमच्या पट्टीवर, डेसिबलमध्ये काढले आणि कोपऱ्यांतून परत येणारे कमानीसारखे पट्टे उघडे पडले.

आता एकाच क्षणाची तीन चित्रं काढायची मला सवय लागली आहे: पक्क्या पट्टीचं, डेसिबलचं आणि एका आवर्तनावर सरासरी घेतलेल्या तीव्रतेचं. दोन फटींच्या प्रयोगात हे तिसरं फार उपयोगी पडलं. क्षणचित्रात नुसती एकमेकांत मिसळलेली कडी दिसतात. सरासरी घेतली की काळे-उजळ पट्टे पंख्यासारखे उलगडतात, आणि फटींमधलं अंतर चार तरंगलांबी असेल तर मधल्या पट्ट्याशेजारचा उजळ पट्टा साडेचौदा अंशांवर बरोबर सापडतो. इंद्रधनुषी रंगपट्टी मात्र कायमची सोडली. तिच्यातला पिवळा पट्टा डोळ्यांना धारेसारखा दिसतो आणि आकड्यांत नसलेली कड आपण पाहू लागतो.

मूर यांची कड काढून १९९४ ची बेरांजे यांची पद्धत घेतली. जाळीभोवती दहा घरं जाडीचा असा थर द्यायचा, की त्यात शिरताना लाटेला काही बदलल्याचं कळतच नाही आणि आत ती विरत जाते. परतणारा भाग हजाराव्या हिश्श्याखाली गेला. तरीही डेसिबलच्या चित्रात स्पंद गेल्यावर मध्याभोवती एक मंद गोल धूसरपणा उरला. तोही कडेचाच दोष समजून मी थर वीस घरांचा केला, धूसरपणा तसाच. जाळी दुप्पट मोठी केली, तरी तसाच. तो दोष नव्हताच. द्विमितीय जगातला बिंदू म्हणजे खरं तर पानाला लंब असलेली अनंत लांब तार. आपल्या जवळच्या भागाचा स्पंद आधी पोचतो, तारेच्या दूरच्या भागांचे मागाहून येत राहतात, म्हणून स्पंदाला शेपूट राहतं. त्रिमितीतल्या बिंदूतून निघालेल्या स्पंदाला ते नसतं. इतके दिवस दर वेळी चित्र चुकीचं निघालं होतं. या वेळी चित्र बरोबर होतं आणि माझी समजूत अपुरी.

आता मूळच्या प्रश्नाकडे जायचं धैर्य आलं. काचेतून हवेकडे ४५ अंशांत झोत. अपवर्तनांक १.५ ला क्रांतिक कोन (ज्याच्या पुढे प्रकाश काचेबाहेर पडत नाही) ४१.८ अंश, म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन. विद्युतक्षेत्र पडद्याला लंब. हवेतली तरंगलांबी ३० घरं, झोत पंधरा तरंगलांबी रुंद, जाळी बाराशे बाय बाराशे. तिरक्या पृष्ठभागाला जाळीत पायऱ्या पडतात, म्हणून पायरी तरंगलांबीच्या मानाने बारीक राहावी यासाठी घरं वाढवली होती.

झोत आला, पृष्ठभागावर आदळला आणि वळला. काचेत येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांची चौकडी विणली गेली. आणि काचेच्या बाहेर, जिथे काही नसावं अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत होती, तिथे लाल-निळ्या पट्ट्यांची एक झालर होती. पट्टे पृष्ठभागाला लंब. ते बाहेर जात नव्हते. पृष्ठभागाच्या कडेकडेने सरकत होते आणि बाहेरच्या दिशेला काही घरांतच फिकट होत नाहीसे होत होते.

सवयीप्रमाणे आधी चित्रावर संशय घेतला. चित्रं आवर्तनाला दहा होती, रंगपट्टी पक्की होती, कड शांत होती. मग मोजायला बसलो. सिद्धांत सांगतो, की पृष्ठभागालगतच्या या लहरीला काचेतल्या लाटेच्या पावलाशी पाऊल जुळवून चालावं लागतं, त्यामुळे तिच्या दोन लाल पट्ट्यांमधलं अंतर हवेतल्या तरंगलांबीपेक्षा किंचित कमी, ०.९४३ पट हवं. ३० घरांना ते २८.३ येतं. माऊसचा बाण एका लाल पट्ट्याच्या मध्यावर ठेवला, घराचा क्रमांक लिहिला, पुढच्या लाल पट्ट्यावर गेलो. पृष्ठभाग जाळीला तिरका असल्याने आडव्या आणि उभ्या घरांवरून कर्ण काढावा लागला. अठ्ठावीस घरं. पुढच्या जोडीला पुन्हा अठ्ठावीस. दहा पट्ट्यांचं अंतर एकदम मोजलं तेव्हा २८३ च्या आसपास आलं. मी खुर्ची मागे सरकवून बराच वेळ त्या झालरीकडे नुसता पाहत बसलो.

बाहेरच्या दिशेचं विरणंही तपासलं. आयाम ०.४५ तरंगलांबीत, म्हणजे साडेतेरा घरांत, साधारण ३७ टक्क्यांवर यायला हवा. आला.

मग समोर दुसरा प्रिझम आणला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ मध्ये हेच केलं होतं, दोन काचेचे प्रिझम आणि मधे हवेची फट. दिसणाऱ्या प्रकाशाला ही फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी लागली असती. बोस यांच्या विद्युतलहरींची लांबी मिलिमीटरांत होती, त्यामुळे फट हाताने कमीजास्त करून परिणाम मोजता येत होता. माझ्या पडद्यावर ती फक्त एक संख्या होती. पाव तरंगलांबीची फट ठेवली, तशी ती झालर समोरच्या काचेला टेकली आणि टेकली तिथून दुसऱ्या प्रिझममध्ये लाट उभी राहिली. आधीच्याच दिशेने, सरळ. निम्म्याहून किंचित जास्त ऊर्जा पलीकडे: सूत्र ५१ टक्के म्हणतं. अर्ध्या तरंगलांबीला १६ टक्के, पूर्ण तरंगलांबीला १.७.

पहिले दोन आकडे माझ्याकडे एखाद-दोन टक्क्यांच्या फरकाने आले. तिसरा सूत्रापेक्षा स्पष्टपणे जास्त आला. कारण शोधताना झोताकडेच वळावं लागलं. सूत्र अनंत रुंदीच्या लाटेचं आहे, माझा झोत पंधरा तरंगलांबींचा, आणि मर्यादित रुंदीचा झोत नेहमी थोडा फाकतो. ४५ आणि ४१.८ मध्ये जेमतेम तीन अंशांचं अंतर आहे. फाकलेल्या झोताचा काही भाग क्रांतिक कोनाच्या जवळ जातो, तिथे झालर जास्त दूरवर पोचते आणि फट रुंद असली तरी ओलांडते. झोत दुप्पट रुंद केला, त्यासाठी जाळीही वाढवावी लागली आणि प्रोग्राम बराच वेळ चालत राहिला. आकडा खाली, सूत्राच्या दिशेने सरकला.

आता त्रिमितीय जाळी लिहायला घेतली आहे. प्रत्येक बाजूला ५०० घरं म्हटली तरी साडेबारा कोटी घरं, घराला सहा आकडे, एकेक आकडा चार बाइटचा: नुसती क्षेत्रं साठवायलाच तीन गिगाबाइट. पहिली तपासणी ठरलेली आहे. एका बिंदूतून एक स्पंद सोडायचा आणि तो गेल्यावर मागे शेपूट राहत नाही ना, ते पाहायचं.